घोडीसमोरचा इको

मी वराती वाजवतो. टेम्पोवर माझं साउंड असतं, त्याच्या पुढे जनरेटरची गाडी असते, आणि टेम्पोत मागे तोंड करून मी उभा असतो. माझ्यासमोर नाचणारी माणसं आणि त्यांच्या पलीकडे घोडीवरचा नवरदेव. लोकांना वाटतं, रोज एवढ्या आवाजात उभ्या राहणाऱ्या माणसाला आवाजाचं काय वाटणार? मला वाटतं. आवाज वर न्यायची मला भीती वाटते, आणि वर गेलेला आवाज खाली आणायची त्याहून जास्त. ही दुसरी भीती मी कुणाला सांगितली की तो हसतो, म्हणून ती नीट सांगावी लागेल.

आधी पहिली. गाण्यावर इफेक्ट चढवला की आवाज आपोआप वाढतो. इको घ्या. गाण्यातला शब्द पुन्हा पुन्हा परत येतो, लोकांना मजा वाटते. पण परत आलेला शब्द पुढच्या शब्दावर येऊन बसतो आणि दोघं मिळून जड होतात. मिक्सरवरचे हिरवे दिवे पिवळे होतात, पिवळे झाले की लाल. लाल दिव्यात आवाज फाटतो, स्पीकर जळतात, आणि स्पीकरपुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते त्यालाच माहीत. म्हणून इको लावायच्या आधी गेन, म्हणजे मिक्सरमध्ये शिरणारा आवाज, थोडा खाली घ्यायचा. भाजीत लोणच्याचा खार घालायचा असेल तर बायका मीठ आधीच हात राखून टाकतात, तसं. आधी कमी करायचं, मग चढवायचं, कानाने तोलायचं. हल्लीची पोरं हे करत नाहीत. दिवे लाल झाले की त्यांना वाटतं, रंग चढला. मला म्हणतात, तुम्ही फारच भित्रे बुवा. आहे मी भित्रा, आणि माझे स्पीकर अजून शाबूत आहेत.

आता दुसरी भीती. काही वर्षांपूर्वी एका वरातीत माझ्यासमोर जनरेटरचं डिझेल संपलं. साउंड माझं नव्हतं, मी नुसता पाहुणा होतो. दणदणीत गाणं चालू होतं, घोडी त्या गोंगाटात झापडं लावून गरीब गायीसारखी चालत होती. आवाज एकदम तुटला आणि ती घोडी उधळली. आवाज होता तोवर तिला काही वाटलं नव्हतं, तो गेल्यावर वाटलं. नवरदेव खाली पडला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. लग्न लागलं, पण नवरदेवाचा हात गळ्यात बांधलेला होता आणि हार नवरीलाच दोन्ही बाजूंनी सांभाळावा लागला. लोक ते आठवून हसतात. मला मात्र त्यातलं एकच आठवतं, तो आवाज तुटल्यानंतरचा क्षण. आमच्या धंद्यात जुनी माणसं हे जाणून असतात. घोडी जवळ असेल तर गाणं कापायचं नाही, उतरवायचं. पाहुण्यांना ते कळतही नाही.

माझ्या साळ्याचं लग्न ठरलं तेव्हा साउंड कोणाचं, हा प्रश्नच नव्हता. साळा मिहानमध्ये नोकरीला आहे, त्याचे मित्र म्हणाले की बाहेरचा मोठा डीजे आणू, पण सासूबाईंनी घरचा जावई असताना बाहेरचा कशाला म्हणून विषय संपवला. जावयाने सोफ्यावर बसून मानपान घ्यायचा सोडून टेम्पोत उभं राहायचं, हे सासऱ्यांना पटलं नव्हतं. पत्रिका वाटताना माझा धंदा विचारला की ते "इलेक्ट्रॉनिक्सचं आहे" एवढंच सांगायचे.

घोडीवर नवरदेवाच्या पुढ्यात घरातलं एक लहान पोर बसवायची त्यांच्याकडे पद्धत आहे. बहुतेक मुलगाच बसवतात. पण या पिढीत घरात लहान मुलगा नाही, आमची मुलगीच काय ती एकटी. ती तेव्हा पहिलीत होती. मामाच्या लग्नात मी घोडीवर बसणार, हे तिने शाळेतही सांगून टाकलं होतं. मी नको म्हणालो. कारण विचारलं तर सांगता येईना, कारण मनात तो मोडलेल्या हाडाचा नवरदेव होता आणि लग्नघरात तसलं बोलायचं नसतं. बायको म्हणाली, "काहून नाही? मुलगा असता तर बसवलाच असता न. मी राहतो न बाजूनं चालत, तिचा पाय धरून." आमच्याकडे बायकाही कधीकधी अशा 'राहतो', 'करतो' म्हणतात, जिद्दीवर आल्या की हमखास. ती जिद्दीवर आली की मी तिचं ऐकतो. याही वेळी ऐकलं.

लग्नाच्या आठवड्यात माझा मिक्सर खरखर करायला लागला. बर्डीच्या बाजारात दुरुस्तीला दिला तर दुकानदार म्हणाला, सामान मागवावं लागेल. मग जरीपटका वस्तीतल्या एका मित्राकडून त्याचा मिक्सर आणला. माझ्यापेक्षा नवीन, जास्त बटणं, जास्त दिवे. मी विचारलं, काही वेगळं आहे का? त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. तो म्हणाला, "सब सेम है यार, बस थोडा नया है." मी घरी आणून जोडला, गाणं लावलं, गेन बसवला, इको लावून पाहिला, काढून पाहिला. दिवे हिरवे. आवाज गोड. मी खूश झालो. दुसऱ्याचं वाहन चालवताना माणूस ब्रेक आधी तपासतो. मी हॉर्न तपासला आणि निघालो.

ब्रेक म्हणतो ते काय, तेही सांगतो. माझ्या जुन्या मिक्सरवर इको फेडरच्या आधी लागायचा. फेडर म्हणजे वरखाली सरकणारी ती पट्टी. इको कितीही घुमू दे, पट्टी खाली ओढली की गाणंही गेलं आणि इकोही गेला. मी काय करायचो, गाण्याचा शेवटचा शब्द आला की इको लावायचो, गाणं थांबवायचो, तो शब्द दोनतीनदा घुमू द्यायचो आणि मग पट्टी हळूच खाली. इतकी वर्षं तेच केलं. ती पट्टी माझ्या हाताखाली आहे तोवर आवाज माझ्या हातात आहे, हे मी कधी विचार करून मानलेलं नव्हतं. ते असंच होतं, जसं दार ढकललं की उघडतं. नव्या मिक्सरवर इको पट्टीच्या नंतर लागत होता, म्हणजे पट्टीच्या ताब्याबाहेर. शिवाय परत येणारा शब्द किती जोराने परत यावा, याचं एक वेगळं बटण त्यावर होतं. माझ्याकडे ते बटणच नव्हतं म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं नाही. लग्नाच्या दिवशी सामान चढवता-उतरवताना ते फिरलं होतं की आणखी कधी, कोण जाणे. ते पार टोकाला होतं.

एप्रिल होता. वरात सक्करदऱ्यावरून निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं, पण रस्त्यातून वाफ येत होती. लग्नाचा लॉन उमरेड रोडला होता, जवळच. घोडी पांढरी, अंगाने मोठी. घोडीवाला बोलायला कमी आणि तंबाखू मळायला जास्त. मुलगी मामाच्या पुढे बसली होती. डोक्यावर फेटा, तो सारखा डोळ्यांवर येत होता आणि ती एका हाताने तो वर सारत होती. बायको ठरल्याप्रमाणे बाजूने, एक हात मुलीच्या पायावर. मी टेम्पोतून दर मिनिटाला त्या तिघींकडे पाहत होतो. मुलगी, बायको आणि घोडी. घोडीकडे जास्त. मला तिचे कान दिसत होते. कान सैल होते. तेवढ्यावर माझं चाललं होतं.

लॉनच्या गेटसमोर रस्ता निम्मा खोदलेला होता. सिमेंट रोडचं काम, एका बाजूला तयार पट्टा आणि दुसऱ्या बाजूला खड्डा, खड्ड्यातून सळया वर आलेल्या. त्यांना कोणीतरी चिंध्या बांधल्या होत्या. एवढ्या अरुंद जागेत टेम्पो थांबला, नाचणारे पुढे आले, आणि मागून ढकलत ढकलत घोडीही स्पीकरच्या फार जवळ आली. इतकी जवळ मी कधी येऊ देत नाही. मी माइकवरून मागे सरका म्हणालो, कोणी ऐकलं नाही. गेटवर नवरीकडची माणसं ताट घेऊन उभी होती. साळ्याचे मित्र मला हाताने खुणा करत होते, शेवटचा जोरदार होऊन जाऊ द्या. मी ठरवलं की हे गाणं इथेच संपवायचं, हळू उतरवायचं, आणि घोडी आत जाऊ द्यायची.

गेन खाली घेतला. इको लावला. शेवटचा शब्द आल्यावर गाणं थांबवलं. शब्द परत आला, पुन्हा परत आला. लोकांनी हात वर केले. मी पट्टी खाली ओढली.

शब्द थांबला नाही.

मला आधी वाटलं, पट्टी नीट खाली गेली नाही. मी ती पुन्हा दाबली. ती खालीच होती. शब्द परत आला आणि आधीपेक्षा मोठा आला. मग त्याहून मोठा. आता तो शब्द राहिलाच नव्हता, नुसती एक धडक, परत परत, आणि दर धडकेला आणखी जड. हिरवे दिवे गेले, पिवळे गेले, सगळी रांग लाल. पट्टी खाली आहे आणि आवाज वर चाललाय, हे डोळ्यांना दिसत होतं पण डोक्यात शिरत नव्हतं.

मी वर पाहिलं. घोडीचे कान मागे चिकटले होते. मान वर. ती मागे सरत होती, सरळ नव्हे, तिरपी, आणि तिरपी म्हणजे त्या सळयांकडे. घोडीवाल्याने दोन्ही हातांनी लगाम धरला होता आणि तो तिच्यासोबत फरफटत होता. बायकोचा हात मुलीच्या पायावरून सुटला होता. मुलीने फेटा सोडून साळ्याचा हात धरला होता. फेट्याने तिचे डोळे झाकले होते. तिला काहीच दिसत नव्हतं.

इको बंद करायचं बटण माझ्या बोटाजवळ होतं. ते दाबलं की सगळं गप्प. पट्टी खाली आहे, गाणं थांबलेलं आहे, इको गेला की मागे काहीच उरत नाही, एकदम शांतता. जनरेटर बंद पडल्यासारखी. पट्टी वर केली तर उपयोग नव्हता, गाणं थांबलेलं. गाणं पुन्हा सुरू केलं तर तेही त्या लाटेत पडून आणखी वाढलं असतं. हे सगळं मी तेव्हा असं मुद्देसूद मांडत होतो का? आता तसं वाटतं खरं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. गर्दीतून तिला पुढे येता येत नव्हतं. तिने हात जोडले. तोंडाने ती बंद करा, बंद करा म्हणत होती, मला ऐकू येत नव्हतं पण ओठ दिसत होते. आमची नजर भिडली. मी तिच्याकडे पाहत होतो आणि माझा हात मास्टरच्या बटणावर होता, सगळा आवाज ज्याच्यातून बाहेर पडतो त्या बटणावर, आणि मी ते फिरवत होतो. हळू. इतकं हळू की तिला काही होतंय असं वाटलंच नसणार. आत धडका वाढत होत्या आणि बाहेर मी त्या उतरवत होतो, एकाने वाढवायचं, दुसऱ्याने कमी करायचं, असं भांडण चाललं होतं. मला सळया दिसत होत्या. चिंध्या दिसत होत्या. माझं लेकरू डोळे झाकून त्या घोडीवर बसलं होतं आणि मी एक बटण मुंगीच्या चालीने फिरवत होतो. आयुष्यात इतका घाबरलो नाही मी, ना त्याआधी, ना नंतर.

आवाज उतरला. आधी छातीतला दणका गेला, मग कानातला, मग लांब कुठेतरी वाजतंय असं झालं, आणि मग कधी संपला ते कळलं नाही. घोडीचा मागचा पाय तयार रस्त्याच्या कडेवर होता. ती थांबली. नाकातून जोरात श्वास सोडला आणि मान खाली घातली. घोडीवाला तिच्या मानेवर थापटत काहीतरी पुटपुटत होता. मग त्याने तिला वळवून गेटातून आत नेलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. साळ्याच्या मित्रांना वाटलं, मी मुद्दाम तसं वाजवलं, शेवट असा लांबवून लांबवून विरघळवला. एक जण टेम्पोवर चढून मला मिठी मारून गेला. मी इकोचं बटण बंद केलं आणि खाली बसलो.

मुलीला काही झालं नव्हतं. काही कळलंही नव्हतं. फेटा टोचत होता एवढीच तिची तक्रार होती. सासूबाईंच्या मांडीवर बसून तिने श्रीखंड खाल्लं आणि घोडीने शेपटी कशी हलवली ते सगळ्यांना करून दाखवलं. बायकोने तिला माझ्याजवळ येऊ दिलं नाही असं नाही, पण बायको स्वतः आली नाही. मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली, पाठवणी झाली. ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावरही कामापुरतंच.

मी मात्र बोलत सुटलो. धंद्यातल्या मित्रांना सांगितलं. पट्टी खाली, आवाज वर, समोर घोडी, वर माझी पोरगी, आणि तरी मी कापलं नाही, उतरवलं. ते ऐकून जुने लोक मान डोलवायचे. जरीपटक्याच्या मित्राने तर कानाला हात लावून माफी मागितली आणि मग दुकानातल्या पोरांना ती गोष्ट माझ्यासमोर सांगितली, याला म्हणतात हात. सासऱ्यांच्याही कानावर गेलं असावं. एकदा त्यांनी पाहुण्याला माझी ओळख करून देताना, साउंडचं काम करतात, फार मोठं काम आहे ते, असं म्हटलं. प्रत्येक वेळी सांगताना गोष्टीतला माझा हात थोडा जास्त शांत होत गेला.

मिक्सर परत द्यायच्या आदल्या दुपारी मुलगी शाळेत होती. मी बायकोला म्हटलं, बस, दाखवतो. छोट्या स्पीकरवर आवाज अगदी बारीक ठेवून मी सगळं पुन्हा केलं. गाणं थांबवलं, पट्टी ओढली, शब्द परत परत येऊन वाढताना तिला ऐकवला. मग बंद करायचं बटण दाबून एकदम होणारी शांतता ऐकवली. जनरेटरची, मोडलेल्या हाडाची गोष्ट सांगितली, ती मी तिला कधी सांगितली नव्हती. मग मास्टर हळू कसा फिरवला ते दाखवलं. तिने स्वतः ते बटण फिरवून पाहिलं. दोनदा. शेवटी म्हणाली, समजलं.

मला हायसं वाटलं. मी वायर काढायला वाकलो.

"एक सांगा," ती म्हणाली. "तुमाले खरंच माहीत होतं तेव्हा? का हातच चालत नव्हता?"

ते बटण मला आठवतं. ते घामाने निसटत होतं. मी हाताला हळू चल म्हणत होतो की हात त्याहून जोरात चालूच शकत नव्हता, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितल्यानंतर मला खात्रीने सांगता येईना. पण ती वाट पाहत होती. मी म्हणालो, माहीत होतं.

तिने मास्टरचं बटण पार खाली आणून ठेवलं.

"मंग माझ्या मावसभावाचं लग्न आहे," ती म्हणाली. "साउंड तुमचंच राहीन. बसवता पोरीले घोडीवर?"

तिने मला फार वेळ दिला नाही, आणि मला लागलाही नाही. मी "नाही" म्हणालो. मी म्हणालो, कधीच नाही, मला त्या दिवसापासून झोप नाही, घोडीचे कान दिसतात, तू हात जोडलेली दिसतेस.

ती उठली, माझ्या हातातली वायर घेतली आणि गुंडाळायला लागली. ती रडत होती.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. "मले वाटलं, मी एकटीच भेली."